घटक ४ : ‘फॉन्ट’ – एका उसन्या शब्दाची वाटचाल

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

• ‘फॉन्ट’ या शब्दाचे मूळ आणि मराठीत त्याला असलेले पर्याय सांगता येतील.
• नव्या उपकरणांबरोबर आलेल्या शब्दांना मराठी कोणत्या वाटांनी सामावून घेते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• अक्षर, अक्षराचा आकार आणि अक्षराचा संकेतांक यांतील फरक ओळखता येईल.
• स्वतःचे मराठी लेखन टिकाऊ स्वरूपात जतन करताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण फारसी, अरबी आणि पोर्तुगीज भाषांतून मराठीत आलेल्या शब्दांचा परिचय करून घेतला. ते शब्द आता इतके मुरले आहेत की ‘कागद’, ‘शाई’ किंवा ‘चावी’ उच्चारताना आपण परक्या भाषेतला शब्द वापरतो आहोत, अशी शंकाही मनाला शिवत नाही. या घटकात आपण आपल्या डोळ्यांदेखत मराठीत येऊन स्थिरावलेल्या एका शब्दाकडे पाहणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘फॉन्ट’.

तुमच्यापैकी कोणी कचेरीत पत्रे टंकलिखित करत असेल, कोणी अंगणवाडीचे अहवाल भरत असेल, कोणी हाच स्वाध्याय मोबाइलवर लिहीत असेल. ‘फॉन्ट बदला’, ‘फॉन्ट मोठा करा’, ‘तुमच्या फॉन्टमध्ये ते उघडत नाही’ ही वाक्ये तुम्ही ऐकलेली आहेत. यांतील तिसरे वाक्य वरवर साधे दिसले, तरी अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर त्याने पाणी फिरवले आहे. म्हणून या शब्दाचा विचार केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलापोटी करावयाचा नाही. तो नीट समजला नाही तर आपले लेखनच आपल्या हातून निसटते, हे या घटकात दाखवावयाचे आहे.

४.२ ‘फॉन्ट’ : ओतलेले अक्षर

‘फॉन्ट’ हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला आणि इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमधील ‘फाँत’ म्हणजे ओतीव काम. त्याच्या मुळाशी ‘वितळवणे, ओतणे’ या अर्थाचा धातू आहे. ‘फाउंड्री’ हा आपल्याला कारखान्यांमुळे परिचित असलेला शब्दही याच कुळातला.

अक्षराचा आणि ओतण्याचा संबंध काय, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्यासाठी जुन्या छापखान्यात डोकावले पाहिजे. प्रथम पोलादी पट्टीच्या टोकावर अक्षर उलटे कोरत. ते तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्याचा खोलगट ठसा घेत. या ठशाच्या साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला मिश्रधातू ओतला की अक्षराचा एक तुकडा तयार होई. एकाच आकाराच्या आणि एकाच वळणाच्या अशा तुकड्यांचा संपूर्ण संच म्हणजे ‘फॉन्ट’. आज पडद्यावर काहीही वितळत नाही, काहीही ओतले जात नाही. तरी शब्द मात्र भट्टीची आठवण सांगतो आहे. ‘शाई’चेही तसेच आहे. फारसीतील ‘काळेपणा’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला. पण आपण ‘लाल शाई’ आणि ‘निळी शाई’ निःशंकपणे म्हणतो. वस्तू बदलली तरी शब्द टिकतो, हा शब्दार्थविचारातील एक महत्त्वाचा सिद्धान्त या दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होतो.

४.२.१ खिळा आणि टंक

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात ही वस्तू आपल्याकडे आली, तेव्हा आपण तिला काय म्हटले? बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मराठीसाठी देवनागरी अक्षरे वापरलेली होती. १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश निघाला आणि त्यात मराठी शब्द मोडी अक्षरांत छापले गेले. पुढे मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) देवनागरी अक्षरांच्या सुबकतेसाठी मोठा लौकिक मिळवला.

या छापखान्यांत काम करणाऱ्या माणसांनी धातूच्या अक्षराला ‘खिळा’ म्हटले. लांबट, जड, टोकाला आकार असलेला तो तुकडा त्यांना खिळ्यासारखा दिसला. खिळे जुळवणारा तो ‘जुळारी’. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे काहीशे निरनिराळे खिळे लागत आणि जुळाऱ्याला ते सर्व कोणत्या खणात आहेत, हे न पाहता ठाऊक असावे लागे. ‘खिळा’ आणि ‘जुळारी’ हे शब्द कोणत्याही समितीने घडवलेले नाहीत. हाताने काम करणाऱ्यांनी जवळच्या वस्तूचे नाव नव्या वस्तूला दिले, एवढेच.

शासनव्यवहारात ‘फॉन्ट’साठी ‘टंक’ हा शब्द योजला जातो. ‘टंक’ हा संस्कृत शब्द. त्याचे अर्थ छिन्नी आणि ठसा उमटवलेले नाणे असे आहेत. ‘टांकसाळ’ आणि पाथरवटाची ‘टाकी’ हे त्याचेच आप्त. म्हणजे इंग्रजीच्या शब्दात ओतणे आहे आणि मराठीच्या पर्यायात घाव घालणे आहे. दोन्ही शब्द धातुकामाच्या घरातलेच. ‘टंकलेखन’ हा शब्द रूढ झाला, मात्र एकटा ‘टंक’ बोलण्यात रुळला नाही. असे का झाले, याचे उत्तर पुढील विभागात आहे.

*स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १*
(अ) ‘फॉन्ट’ या शब्दाच्या मुळाशी कोणती क्रिया आहे?
(आ) ‘लाल शाई’ या शब्दप्रयोगात व्युत्पत्तीच्या दृष्टीने विसंगती का आहे?

४.३ नवी उपकरणे, नवे शब्द : तीन वाटा

नवे उपकरण घरात आले की त्याच्यासोबत शब्दांचा गोतावळा येतो. त्यांचे काय करावयाचे, याच्या तीन वाटा मराठीला उपलब्ध असतात.

पहिली वाट *नवनिर्मितीची*. ‘संगणक’, ‘कळफलक’, ‘भ्रमणध्वनी’ हे शब्द असे घडवले गेले. यांतील ‘संगणक’ सर्वत्र रुळला. ‘भ्रमणध्वनी’ मात्र निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी आणि कार्यालयीन पत्रांत राहिला. बोलण्यात ‘मोबाइल’ आला. शब्द शुद्ध आहे की नाही यापेक्षा तो वेळेवर पोहोचला की नाही, आणि तोंडात सहज बसतो की नाही, यांवर त्याचे भवितव्य ठरते. ‘टंक’ संगणकाच्या दुकानात पोहोचला, तेव्हा ‘फॉन्ट’ तेथे आधीच मुक्कामाला आला होता.

दुसरी वाट *अर्थविस्ताराची*. ‘टिचकी’ हा घरगुती शब्द. बोटाने मारण्याची ती टिचकी आता पडद्यावरील चिन्हावरही मारली जाते. ‘कळ’ दाबणे हेही तसेच. येथे नवा शब्द येत नाही. जुन्याच शब्दाला नवे काम मिळते. ‘खिळा’ याच वाटेने आला होता.

तिसरी वाट *थेट स्वीकाराची*. ‘फॉन्ट’, ‘मोबाइल’, ‘चार्जर’ हे शब्द असे आले. मात्र थेट स्वीकार म्हणजे जसेच्या तसे घेणे नव्हे. ‘मोबाइल’ हे इंग्रजीत मुळात ‘हलता, फिरता’ या अर्थाचे विशेषण. मराठीत ते पुल्लिंगी नाम झाले. ‘मोबाइलचे चार्जिंग संपले’ हे वाक्य पाहा. इंग्रजीत ‘चार्जिंग’ हे क्रियेचे नाव आहे. आपण ते साठ्याचे नाव केले, म्हणून ते डब्यातल्या साखरेसारखे ‘संपते’. ही चूक म्हणून हिणवण्याची गोष्ट नाही. मराठी भाषकांनी परक्या शब्दाला आपल्या वापरानुसार दिलेला हा नवा अर्थ आहे.

४.३.१ सामान्यरूपाची कसोटी

उसना शब्द मराठीत किती मुरला आहे, हे तपासण्याची एक सोपी कसोटी तुम्हांला वापरता येईल. त्या शब्दाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावून पाहा. ‘कागद’ – ‘कागदावर’. ‘टेबल’ – ‘टेबलावर’. येथे शब्दाचे सामान्यरूप होते. उलट ‘फॉन्ट’ – ‘फॉन्टचा’, ‘फॉन्टमध्ये’. ‘मोबाइल’ – ‘मोबाइलवर’. येथे सामान्यरूप होत नाही. प्रत्यय शब्दाला बाहेरूनच चिकटतो. ‘फॉन्टाचा’ असे कोणी म्हणत नाही. लिंग मात्र निश्चित झाले आहे : ‘नवा फॉन्ट’, ‘नवे फॉन्ट’. म्हणजे या शब्दाने उंबरठा ओलांडला आहे. माजघरात मात्र तो अजून आलेला नाही.

४.३.२ शब्दासाठी अक्षर

‘फॉन्ट’ लिहिताना आपण ‘ऑ’ या स्वराचे चिन्ह वापरतो. हा स्वर संस्कृतात नाही, परंपरागत मराठी वर्णमालेतही नव्हता. ‘बँक’, ‘बॅट’ यांतील ‘ॲ’ हा स्वरही तसाच. इंग्रजी शब्दांबरोबर हे दोन स्वर मराठीच्या उच्चारात रुजले. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत स्थान दिले. उसने शब्द केवळ शब्दकोशात भर घालतात असे नाही. ते वर्णमालेतही जागा करून घेऊ शकतात.

*स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – २*
(अ) ‘टिचकी’ हा शब्द संगणकाच्या संदर्भात कोणत्या वाटेने आला?
(आ) ‘फॉन्ट’ हा शब्द पूर्णपणे मुरला नाही, हे कशावरून म्हणता येते?

४.४ अक्षर, आकार आणि संकेतांक

आता मघाच्या वाक्याकडे वळू : ‘तुमच्या फॉन्टमध्ये ते उघडत नाही.’ हे समजण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात.

पहिली गोष्ट *अक्षर*. ‘क’ हे अक्षर तुम्ही कसेही लिहा, खडूने, बोरूने किंवा रांगोळीने. ते ‘क’च असते. दुसरी गोष्ट त्याचा *आकार*. तो प्रत्येक हस्ताक्षरात आणि प्रत्येक फॉन्टमध्ये निराळा असतो. तिसरी गोष्ट *संकेतांक*. संगणकाला आकार समजत नाही, अक्षरही समजत नाही. त्याच्याकडे साठवला जातो तो केवळ एक क्रमांक. अक्षर माणसाचे, आकार फॉन्टचा आणि संकेतांक संगणकाचा, असे हे त्रिकूट लक्षात ठेवावे.

संगणकावर मराठी लिहिण्याच्या आरंभीच्या काळात बहुतेक फॉन्टांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले. तुम्ही ‘क’ लिहिला असे तुम्हांला वाटे. संगणक मात्र एखाद्या रोमन अक्षराचा क्रमांक साठवत असे. तो विशिष्ट फॉन्ट त्या क्रमांकावर ‘क’ची आकृती दाखवी, म्हणून सारे सुरळीत भासे. दुसऱ्या फॉन्टने त्याच क्रमांकावर ‘ज’ बसवलेला असे. त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकूर बदले आणि फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा उरे. आकारालाच अक्षर मानल्याचा हा परिणाम होता.

यावर उपाय झाला तो युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीमुळे. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे. त्याची रचना भारतात आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रणालीच्या आधारावर केलेली आहे. या गटात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, आणि तो जगातील कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही युनिकोड फॉन्टमध्ये तोच राहतो. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ असो, राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ असोत, किंवा अलीकडचा ‘मुक्त’ असो. यांतील कोणताही निवडला तरी केवळ पोशाख बदलतो, माणूस तोच राहतो.

पोशाखालाही अर्थातच महत्त्व आहे. मराठीतील ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो, हिंदीतील ‘ल’ दंडाला जोडलेला असतो. ‘श’चे वळणही दोन्हीकडे वेगळे आहे. दोन्ही रूपांचा संकेतांक मात्र एकच. म्हणून आपल्या वळणाचा फॉन्ट निवडणे ही आपली जबाबदारी ठरते.

४.५ ‘दर्या’ की ‘दऱ्या’ ?

येथे मी माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. त्यात चूक माझीच होती.

पीएच.डी.साठी मी कोकणातील एका खाडीकाठच्या गावी बोलीचे नमुने गोळा करत होतो. ध्वनिमुद्रणाचे साधन जवळ नव्हते. ऐकलेले वाक्य चिठ्ठीवर लिहावयाचे आणि पुढे संगणकावर टंकलिखित करावयाचे, अशी पद्धत होती. चिठ्ठ्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. टंकलिखित मजकूर तेव्हाच्या फॉन्टमध्ये एका फ्लॉपीवर होता. काही वर्षांनी तो उघडेना, तेव्हा मी एका रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाच्या साहाय्याने त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर केले. ‘कविता’चे ‘किवता’ झाले होते, कारण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. अशा चुका मी हाताने दुरुस्त केल्या. काम झाले, या समाधानात मी फ्लॉपी टाकून दिली.

पुढे कधीतरी वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले होते : ‘आमचा सगळा जन्म दर्यात गेला.’ मासेमारी करणाऱ्या माणसाचे हे साधे वाक्य. पण ते गृहस्थ वर्षातील काही महिने मासेमारी करत आणि उरलेले महिने डोंगरात गुरे व लाकूडफाटा यांमागे फिरत. त्यांचे वाक्य ‘दऱ्यात गेला’ असेही असू शकत होते. मी मजकूर तपासला. त्यात ‘ऱ्या’ हे जोडाक्षर कोठेच नव्हते! ‘सोयऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘कोपऱ्या’ या सर्वांचे ‘सोयर्या’, ‘वार्या’, ‘कोपर्या’ झाले होते. त्या कार्यक्रमाच्या तक्त्यात ‘ऱ्या’मधील अर्ध्या ‘र’ची नोंद नसल्याने त्याने सरसकट रफार दिला होता.

बाकीचे शब्द मला दुरुस्त करता आले, कारण ‘सोयर्या’ असा शब्द मराठीत नाही. ‘दर्या’ मात्र आहे. हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ समुद्र, ‘दर्यावर्दी’ त्याच्यापासूनच. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, ‘दरी’ संस्कृत. एक उसना शब्द आणि एक परंपरेने आलेला शब्द, दोघांमधील भेद केवळ या अर्ध्या ‘र’वर उभा आहे. उच्चारात तो स्पष्ट ऐकू येतो : ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. कागदावर आणि पडद्यावर मात्र तो दाखवण्यासाठी योग्य चिन्हच हवे. युनिकोडमध्ये ‘दर्या’साठी ‘र’ आणि ‘दऱ्या’साठी नुक्तायुक्त ‘ऱ’, असे दोन वेगळे संकेतांक आहेत. म्हणजे आज ही अडचण येण्याचे कारण नाही. माझ्या मजकुरात मात्र तो भेद पुसला गेला होता.

ते गृहस्थ त्यापूर्वीच वारले होते. त्यांचा जन्म समुद्रात गेला की डोंगरांच्या कुशीत, हे त्यांनी मला सांगितले होते आणि मी ते लिहूनही घेतले होते. आज त्या वाक्यापुढे मी प्रश्नचिन्ह घातले आहे. भाषेचा अभ्यासक म्हणून यापेक्षा मोठी हानी मला आठवत नाही.

४.६ आपले लेखन जपताना

या अनुभवातून काही व्यावहारिक सूचना निघतात.

(१) मराठी लेखन नेहमी युनिकोडमध्येच करावे. मोबाइलवरील मराठी कळफलक युनिकोडच वापरतो. कचेरीतील संगणकावर मात्र खात्री करून घ्यावी. फॉन्ट बदलल्यावर मजकूर वाचता आला, तर तो युनिकोडमध्ये आहे असे समजावे.

(२) जुन्या फॉन्टमधील मजकुराचे रूपांतर केल्यावर मूळ प्रत कधीही नष्ट करू नये. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

(३) एकसारखे दिसणारे सर्व काही एकच असते, असे मानू नये. ‘फॉन्ट’ लिहिताना ‘ॉ’ हे एकच चिन्ह वापरता येते. काहीजण काना आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन चिन्हे देतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत आणि आजही अनेकजण तसेच लिहितात. वसईतील एखाद्या रॉड्रिग्ज आडनावाच्या व्यक्तीचे नाव यादीत एका प्रकारे नोंदवले आणि शोधताना दुसऱ्या प्रकारे लिहिले, तर यादीत असूनही ते सापडणार नाही. आपल्या लेखी ही बारीकशी खूण. त्या व्यक्तीसाठी तो तिच्या नावाचा प्रश्न आहे.

४.७ सारांश

‘फॉन्ट’ हा शब्द मुळात ओतीव अक्षरांच्या संचाचे नाव. मराठीने त्या वस्तूला आधी ‘खिळा’ म्हटले, पुढे ‘टंक’ सुचवला आणि अखेर ‘फॉन्ट’ला पुल्लिंग देऊन आपलेसे केले. नवनिर्मिती, अर्थविस्तार आणि थेट स्वीकार या तीन वाटांनी मराठी नव्या वस्तूंना नावे देते. सामान्यरूप होते की नाही, यावरून उसना शब्द किती मुरला आहे याचा अंदाज येतो. फॉन्ट अक्षराचा आकार ठरवतो, अक्षराची ओळख मात्र संकेतांकात असते. हा भेद न ओळखल्यास लेखन नष्ट होऊ शकते, किंवा त्याहून घातक म्हणजे ते शाबूत दिसत असूनही बदललेले असू शकते.

पारिभाषिक शब्द

*जुळारी* : छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर.
*सामान्यरूप* : विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे होणारे बदललेले रूप.
*रफार* : पुढील व्यंजनाच्या डोक्यावर लिहिला जाणारा अर्धा ‘र’.
*संकेतांक* : अक्षरासाठी संगणकात ठरवून दिलेला क्रमांक.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वितळवणे, ओतणे. (आ) ‘शाई’ हा शब्द मूळच्या ‘काळेपणा’ या अर्थापासून आला आहे.
२. (अ) अर्थविस्ताराच्या. (आ) प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होत नाही, यावरून.

स्वाध्याय

१. ‘वस्तू बदलली तरी शब्द टिकतो’ हे विधान तुमच्या परिसरातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या रूपांतील फरक सांगून ‘ऱ’ या चिन्हाची आवश्यकता पटवून द्या.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीकडून तिच्या व्यवसायातील दहा शब्द अर्थांसह लिहून घ्या. ते युनिकोडमध्ये टंकलिखित करा, छापील प्रत काढा आणि ती त्याच व्यक्तीला वाचून दाखवा. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या तिच्यासमोरच करा. हे काम पुढील वर्षावर ढकलू नका.